ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? लांबी ठरवताना या चुका टाळा

मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, आई-बाबा भारतातून आलेत, मग यंदा ट्रेलरच (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) घेऊ या, असा बेत अमेरिकेतल्या मराठी घरांत ठरतो. शोरूममध्ये बंक बेड आणि वेगळी बेडरूम पाहून २८ फुटी ट्रेलर पसंत पडतो, आणि आपली गाडी तो ओढेल का हा प्रश्न शेवटी निघतो. खरं तर तो आधी विचारायला हवा.

फक्त टोइंग कपॅसिटी पाहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाडी ५,००० पाउंड ओढते म्हणून ४,८०० चा ट्रेलर चालेल, असं नसतं. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. तो पेलोड. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडणीवर) येतो आणि तोही याच पेलोडमधून वजा होतो.

समजा स्टिकरवर १,३५० पाउंड आहेत. आई-बाबा धरून सहा माणसं ८०० पाउंड, बॅगा आणि कूलर १५०, हिचचं सामान ८०. उरले ३२०. १२ टक्क्यांच्या हिशेबानं ट्रेलर भरल्यावर जेमतेम २,६५० पाउंडांचा हवा, म्हणजे अगदी छोटा. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (हा भार बाकीच्या चाकांवर वाटून देणारा हिच) लावला तरी पेलोड वाढत नाही, आणि काही गाड्यांना तो चालतही नाही. मॅन्युअल वाचून घ्या.

ब्रोशरमधलं ड्राय वेट धरणं

त्यात पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं, किराणा काहीच नसतं. ४० गॅलनची टाकी भरली की नुसतं पाणीच ३३० पाउंडांच्या वर जातं. हिशेब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरच्या कमाल परवानगी असलेल्या वजनावर करा.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर विसंबणं

नावात २२ असलं तरी पुढच्या दांड्यासकट ट्रेलर २६ फूट भरू शकतो. टेप घेऊन स्वतः मोजा.

व्हीलबेस न बघणं

व्हीलबेस म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ११० इंचांच्या व्हीलबेसला २० फूट लांबीचा ट्रेलर आणि पुढच्या दर ४ इंचांना आणखी १ फूट, असा एक ठोकताळा ट्रेलरवाले वापरतात. हा काही नियम नाही, पण साधारण ११२ ते ११४ इंचांच्या तीन रांगांच्या एसयूव्हीला २८ फुटी ट्रेलर का जड जातो ते यावरून कळतं. ट्रेलर लांब तितकी वाऱ्याला सापडणारी बाजूही मोठी.

ट्रेलर डुलायला लागला तर

शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर डुलू लागला, तर गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, गाडीत बसवलेल्या उपकरणाच्या) हातानं चालवायच्या लिव्हरनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा. नंतर सुरक्षित जागी थांबून सामान तपासा. बहुतेक वेळा ट्रेलरच्या मागच्या भागात जास्त वजन गेलेलं असतं. जड वस्तू ट्रेलरच्या चाकांच्या पुढे हलवा, टायरमधली हवा बघा आणि हिचवरचा भार पुन्हा मोजून घ्या. एवढं करूनही डुलणं थांबत नसेल, तर बहुधा तो ट्रेलर त्या गाडीला लांब पडतोय. निव्वळ स्वे बार (डुलणं कमी करणारा दांडा) लावून वेळ मारून नेऊ नका, गाडीत मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

कॅम्पसाइट नंतर बघू म्हणणं

योसेमिटी नॅशनल पार्कच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांच्या वर जाता येत नाही. गाडीच १६ फुटांची, म्हणजे तिथे कुठलाही ट्रॅव्हल ट्रेलर बाद. तो कॅम्पग्राउंडवर सोडून नुसती गाडी घेऊन जावं लागतं. म्हणून आवडत्या चार-पाच पार्कांच्या मर्यादा आधी काढा आणि मगच डीलरकडे जा.