बाण काढून सदिशांची बेरीज : सरावातून उमजलेल्या काही गोष्टी

पदार्थविज्ञानाचा किंवा अभियांत्रिकीचा अभ्यास नव्याने सुरू करणारे बरेच विद्यार्थी बाणांच्या आकृतीने सदिशांची (म्हणजे बलासारख्या, परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींची) बेरीज करणे हा सूत्र हाती येईपर्यंतचा तात्पुरता टप्पा समजतात आणि सूत्र येताच पट्टी व कोनमापक बाजूला ठेवतात. हा विषय आधी शिकताना आणि नंतर इतरांना शिकवताना माझे मत नेमके याच्या उलट होत गेले. सूत्रातून उत्तर मिळते, परंतु ते उत्तर संभवनीय आहे की नाही, हे आकृती जितक्या चटकन दाखवते तितक्या चटकन दुसरे काहीही दाखवत नाही.

पद्धत थोडक्यात सांगता येते. एक प्रमाण ठरवून पहिला बाण काढावा, त्याच्या टोकापासून दुसरा बाण सुरू करावा आणि पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढावी. हाच परिणामी सदिश होय. बाण कागदावर कुठेही सरकवता येतो, मात्र सरकवताना तो वळता कामा नये. बहुतेक चुका ही एक अट निसटल्यामुळेच होतात.

समजा, एकाच बिंदूवर 50 न्यूटन आणि 30 न्यूटन अशी दोन बले कार्य करत आहेत आणि त्यांच्यामधील कोन 60 अंश आहे. पेन्सिल उचलण्यापूर्वी अंदाज बांधावा, असा माझा आग्रह असतो. परिणामी बल 20 न्यूटनपेक्षा कमी आणि 80 न्यूटनपेक्षा जास्त असूच शकत नाही; शिवाय कोन काटकोनापेक्षा लहान असल्यामुळे ते काटकोनाच्या वेळी येणाऱ्या सुमारे 58 न्यूटनपेक्षा जास्तच असले पाहिजे. आता 1 सेंटिमीटर म्हणजे 10 न्यूटन असे प्रमाण घेऊन 5 सेंटिमीटरचा बाण काढला, की त्याच्या टोकाशी खरी परीक्षा सुरू होते. अनेक जण येथे त्रिकोणाच्या आतला कोन 60 अंशांचा करतात आणि त्यांना सुमारे 4.4 सेंटिमीटर, म्हणजे 44 न्यूटन, असे उत्तर मिळते. दिलेला कोन दोन्ही शेपटे एकत्र असतानाचा आहे. बाण टोकाला जोडल्यावर तो पहिल्या बाणाच्या पुढे वाढवलेल्या रेषेपासून मोजावा लागतो आणि त्रिकोणाच्या आतला कोन 120 अंश होतो. तसे केल्यास परिणामी बाण बरोबर 7 सेंटिमीटरचा येतो, म्हणजे बल 70 न्यूटन, आणि त्याची दिशा 50 न्यूटनच्या बलाशी जवळजवळ 22 अंशांचा कोन करते. गंमत अशी, की 44 हा आकडाही निरर्थक नाही. तो याच दोन बलांच्या वजाबाकीचे परिमाण आहे. म्हणून पहिल्या बाणाच्या टोकापुढे तुटक रेघ वाढवण्याची सवय मी नवशिक्यांना सर्वांत आधी लावतो.

समांतरभुज चौकोनाचा नियम, म्हणजे दोन्ही बाण एकाच बिंदूपासून काढून समांतरभुज चौकोन पूर्ण करणे आणि त्या बिंदूतून जाणारा कर्ण परिणामी सदिश मानणे, हे याच रचनेचे दुसरे रूप आहे. न्यूटन यांनी 1687 मध्ये गतीच्या नियमांना जोडूनच तो बलांसाठी मांडला. दोन सदिशांसाठी तो देखणा आहे, पण तीन-चार सदिश आले की कागदावर रेघांची गर्दी होते. त्यामुळे टोकाला शेपूट जोडत जाण्याची रीतच मला अधिक भरवशाची वाटते.

अचूकतेचा मुद्दा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. प्रमाण मोठे घेतले की पट्टीच्या वाचनातील एखाद्या मिलिमीटरच्या त्रुटीचे महत्त्व घटते, पण कोनातील त्रुटीला त्याचा उपयोग नसतो. 10 सेंटिमीटरचा बाण 1 अंशाने चुकला, तर त्याचे टोक सुमारे 1.7 मिलिमीटर सरकते आणि बाण दुप्पट लांब केला, तर हे सरकणेही दुप्पट होते. त्यामुळे प्रत्येक बाणाची दिशा आधीच्या बाणापासून न मोजता एकाच आधाररेषेला समांतर रेषा काढून तिच्यापासून मोजावी, म्हणजे कोनांच्या त्रुटी साखळीने पुढे वाढत जात नाहीत. जवळजवळ विरुद्ध दिशेचे बाण असतील, तर विशेष सावध राहावे. प्रत्येकी 5 सेंटिमीटरच्या दोन सदिशांमध्ये 170 अंशांचा कोन असेल, तर परिणामी बाण जेमतेम 0.87 सेंटिमीटरचा येतो आणि कोनात 1 अंशाची चूक झाली, तरी त्याची लांबी सुमारे 10 टक्क्यांनी बदलते. अशा वेळी आकृतीकडून फक्त दिशेचा अंदाज घ्यावा आणि आकडा गणिताने काढावा.

अनेक सदिशांच्या बेरजेचा पडताळा घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे तेच बाण त्याच आरंभबिंदूपासून वेगळ्या क्रमाने पुन्हा जोडणे. क्रम बदलल्याने बहुभुजाचा आकार पार बदलतो, परंतु शेवटचे टोक त्याच ठिकाणी यायला हवे. ते तेथे आले नाही, तर कुठलातरी बाण जोडताना वळला आहे किंवा त्याचे मोजमाप चुकले आहे. शेवटचे टोक आरंभबिंदूवरच परत आले, तर बेरीज शून्य असते आणि एका बिंदूवर कार्य करणाऱ्या बलांच्या बाबतीत याचा अर्थ समतोल असा होतो.

पुढे घटकांची पद्धत, म्हणजे प्रत्येक सदिशाचे आडवा (क्ष) आणि उभा (य) असे दोन भाग करून बेरीज करण्याची रीत, शिकल्यावरही वहीच्या कडेला एक ढोबळ आकृती काढत राहावी. क्ष-घटक उणे 3 आणि य-घटक 4 असेल, तर कॅल्क्युलेटरवरील टॅन इन्व्हर्स, जो य आणि क्ष घटकांच्या केवळ गुणोत्तरावरून कोन काढतो, उणे 53.1 अंश दाखवतो, म्हणजे बाण उजवीकडे खाली जातो असे सांगतो. प्रत्यक्षात तो डावीकडे वर जातो आणि त्याचा कोन 126.9 अंश असतो.