मालिकांमधल्या उद्धट बोलण्यावर प्रोजेक्ट करताय? माझा अनुभव

भाषाशास्त्राच्या एमएला मी टीव्ही मालिकांमधल्या पात्रांचा उद्धटपणा हा विषय घेतला आणि पहिले दोन महिने नुसती वाक्यं गोळा केली. शिवी आली की घे, कोणी कोणाला "गप्प बस" म्हटलं की घे, एक्सेलमध्ये टाक. शीट चांगलीच लांबली तेव्हा गाइडना दाखवली, त्यांनी एकच विचारलं, या प्रत्येक ओळीनंतर समोरचा काय म्हणाला? ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, आणि सगळे एपिसोड परत बघावे लागले.

म्हणून नवीन असाल तर सुरुवातच इथून करा, सुटं वाक्य घेऊ नका. कोण बोललं, कोणाला बोललं, तिथे अजून कोण होतं आणि ऐकणाऱ्याने काय केलं, हे सगळं मिळून एक नोंद.

सुरुवातीला वाचन फार पसरवू नका. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांची 'फेस'ची कल्पना (1955), म्हणजे साधारण चारचौघांत आपण सांभाळून ठेवलेली पत. मग नम्रतेवर काम करणारे ब्राउन आणि लेविन्सन (1987), त्यांनी या 'फेस'चे दोन भाग केले, लोकांनी आपल्याला मान द्यावा ही इच्छा आणि आपल्या वाटेत कोणी येऊ नये ही इच्छा. आणि भाषाशास्त्रज्ञ जोनाथन कल्पेपर यांचा 1996 चा लेख, तो मात्र दोनदा वाचा. त्यात उद्धटपणाचे पाच प्रकार आहेत: आडपडदा न ठेवता तोंडावर बोलणं, समोरच्याला झिडकारणं किंवा वगळणं, त्याच्या हद्दीत घुसणं किंवा धमकावणं, वरवर गोड बोलून टोमणा मारणं, आणि जिथे सौजन्य अपेक्षित आहे तिथे ते न दाखवणं. पाचवा प्रकार बहुतेकांकडून सुटतो कारण तो कागदावर दिसतच नाही, कोणी आभार मानले नाहीत हे कुठल्या ओळीत शोधणार? पुढे 2005 मध्ये एका टीव्ही क्विझ शोवर काम करताना कल्पेपर यांनी स्वतःच व्याख्या सुधारली, की बोलणाऱ्याने मुद्दाम घाव घातला तर तो उद्धटपणा आहेच, पण ऐकणाऱ्याला तो मुद्दाम घातलाय असं वाटलं तरीही आहे. माझ्या मते टीव्हीवर काम करणाऱ्यासाठी ही दुसरी बाजू सोन्यासारखी आहे.

का ते एका सीनवरून सांगते, समजण्यासाठी मीच रचलाय. हॉस्पिटलची मालिका, मीटिंग सुरू झालीये, ज्युनियर डॉक्टर उशिरा आत येतो. सीनियर मॅडम एरवी त्याला 'तू' म्हणतात. आज म्हणतात, "या या डॉक्टर, बसा, तुमच्यासाठीच खोळंबलोय." या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, उलट आदरार्थी रूप आहे, आणि तेच लागतं. आता तो "सॉरी मॅडम" म्हणाला तर घाव बसला. तो शांतपणे "थँक यू मॅडम" म्हणून बसला तर त्याने टोमणा शब्दशः घेऊन परत फेकला आणि आता पाणउतारा मॅडमचा झाला. तो काहीच न बोलता फाइल उघडून बसला तर ते दोन्ही होऊ शकतं, मग बघायचं की कॅमेरा कोणावर आहे. कोपऱ्यातली नर्स खाली बघताना दाखवली तर लेखक-दिग्दर्शक आपल्याला सांगतायत की अति झालं, तीच नर्स हसू दाबताना दाखवली तर आपणही हसावं अशी अपेक्षा आहे. खऱ्या भांडणात असा ऐकणारा असेलच असं नाही, मालिकेत तो कायम असतो, घरी बसलेला प्रेक्षक, आणि ती ओळ शेवटी त्याच्यासाठीच लिहिलेली असते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ऐकून जसंच्या तसं लिहून काढणं, स्वतः करा. सबटायटलवर अवलंबून राहू नका, जागा वाचवायला त्यात "अहो", "हं", अर्धवट वाक्यं बऱ्याचदा गाळतात आणि अनेकदा उद्धटपणा नेमका त्या "हं"मध्येच असतो. आवाजाची चढउतार, मधेच तोडणं आणि थांबा पण नोंदवा. कल्पेपर, बाउसफील्ड आणि विखमन यांचा 2003 चा लेख याच्यासाठी बघा, आवाजाचं काम त्यात छान आहे.

मोजणी करा पण तिच्यावर थांबू नका, हे मला फार मनापासून सांगायचंय. माझ्या टेबलमध्ये सगळ्यात उद्धट पात्र कोण हे लगेच दिसलं, पण त्याच्या बोलण्याची बाकीच्या पात्रांना सवय झालेली असते, कोणी मान वर करून बघतही नाही. त्याउलट एक कायम नम्र बोलणारी बाई होती, तिचं पूर्ण सीझनमध्ये एकच वाक्य, "तुम्हाला विचारलंय का मी?" आणि त्यानंतर चार सेकंद कोणीच बोलत नाही. टेबलमध्ये त्याची किंमत 1. पण मालिकेची गोष्ट तिथून वळते. त्यामुळे प्रत्येक पात्राची नेहमीची पट्टी आधी ठरवा आणि ओळ तिच्यापासून किती लांब गेली ते लिहा.

अजून एक, थोडे सीन दुसऱ्या कोणालातरी कोडिंग करायला, म्हणजे कुठली ओळ कुठल्या प्रकारात बसते ते ठरवायला द्या, मालिका न बघणाऱ्याला दिलेत तर फारच छान. माझ्या मैत्रिणीचं आणि माझं 40 पैकी 11 सीनमध्ये जुळलं नाही, आधी वाटलं माझ्या व्याख्या चुकल्या, पण परत बघितलं तर त्यातले बहुतेक सीन दोन जुन्या मित्रांमधले होते. तिला ती शिवीगाळ वाटली, मला मस्करी, कारण मी त्यांना आधीच्या एपिसोडांमध्ये बघितलं होतं. ते सीन मी काढून टाकले नाहीत, वेगळ्या शीटमध्ये ठेवले आणि माझं तिसरं प्रकरण त्यांच्यावरच लिहिलं.