उन्हाळा काढेल असा दिवा: घरासाठी लाइट कसे निवडावेत

आमच्या घराचं काम झालं तेव्हा हॉलच्या फॉल सिलिंगमध्ये १२ गोल लाइट बसवले होते. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दुसरा उन्हाळा सरेपर्यंत त्यातले ७ गेले. वायरमनने एक खाली काढून उघडला. आतल्या छोट्या कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं आणि सर्किटची पाटी करपून तपकिरी झाली होती. एलईडीचे ठिपके मात्र शाबूत होते. "दिवा नाही गेला भाऊ, ड्रायव्हर गेला," तो म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे घरातली वीज एलईडीला जुळेल अशी करून देणारं सर्किट. पण ड्रायव्हर दिव्याच्या आतच पक्का बसवलेला, सुटा काही मिळेना. सातही दिवे फेकावे लागले.

तेव्हापासून कुणी विचारलं की आम्ही एकच सांगतो: जो दिवा उघडता येतो आणि ज्याचा बिघडलेला भाग बदलता येतो, तोच घ्या. देखणेपण त्याच्यातच शोधा, तेही मिळतं.

१. दुकानात जाण्याआधी वही

संध्याकाळी घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीसाठी लिहा: इथे काय करतो, पंखा कुठे आहे, कुलर कुठल्या खिडकीत बसतो, वायरचा पॉइंट कुठे निघालाय. मग प्रकाशाचा हिशोब करा. वॅट म्हणजे वीज किती खाणार; उजेड लुमेनमध्ये मोजतात. बैठकीच्या खोलीला चौरस मीटरमागे १५० ते २०० लुमेन पुरतात. १० बाय १२ फुटांची खोली साधारण ११ चौरस मीटरची, म्हणजे २,००० लुमेनच्या आसपास. २० वॅटची एक चांगली, ट्यूबसारखी लांब एलईडी पट्टी एवढा उजेड देते. त्या खोलीत आठ-आठ लाइट सुचवणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

ओट्यावर मात्र चौरस मीटरमागे ३०० लुमेनपेक्षा जास्त हवेत, आणि तेही वरच्या कपाटाच्या खालून. छतावरचा दिवा पाठीमागे राहतो आणि भाजी आपल्याच सावलीत चिरावी लागते.

२. उजेडाचा रंग

खोक्यावर २७०० ते ३००० के (केल्विन) लिहिलं असेल तर पिवळसर उबदार उजेड, ४००० के म्हणजे मधला, ६५०० के म्हणजे पांढराफटक. झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० घ्या. एकाच खोलीत दोन रंगांची सरमिसळ केली तर महागातला महाग दिवाही बेंगरूळ दिसतो. गॅलरीत पिवळसरच लावा. पावसाळ्यात पाखरं पांढऱ्या उजेडावर जास्त झेपावतात.

रंग कसे दिसतील ते सीआरआय या आकड्यावरून कळतं. ८० चालतो, ९० असेल तर उत्तम. आकड्यावर विसंबायचं नसेल तर पिशवीत लाल ब्लाउजपीस घेऊन जा आणि दिव्याखाली धरा. हलक्या एलईडीत गडद लाल रंग कमी असतो, त्यामुळे कापड विटकरी, मळकट दिसतं.

३. उन्हाळ्याचा विचार

खरी परीक्षा इथे आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, रात्रीही स्लॅब निवत नाही आणि फॉल सिलिंगवरची पोकळी भट्टीसारखी तापते. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. खोक्यावरचे २५,००० तास म्हणजे रोज ६ तास लावला तर ११ वर्षांहून जास्त. पण तो आकडा सहसा २५ अंशांच्या हवेत धरलेला असतो, आणि तो एलईडीच्या ठिपक्यांचा असतो, ड्रायव्हरचा नाही.

म्हणून दिवा हातात घेऊन वजन बघा. मागे ॲल्युमिनियमच्या पात्या असलेला जड दिवा उष्णता बाहेर टाकतो. हलकं प्लास्टिक ती आतच कोंडतं. लेबलवर 'टीए' म्हणून आजूबाजूच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते, ती ४५ किंवा ५० असलेली घ्या. ड्रायव्हर वेगळ्या डबीत, प्लगने जोडलेला हवा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर फॉल सिलिंगमध्ये घुसवायच्या दिव्यांपेक्षा सरफेसचे, म्हणजे छताला बाहेरून लागणारे दिवे जास्त टिकतात. शक्य तिथे साधा होल्डर असलेला दिवा घ्या, पिनचा असो की आट्यांचा. बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून पाच मिनिटांत बदलता येतो.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळ येतं आणि व्होल्टेज खालीवर होतं. न्यूट्रल (परतीची वायर) तुटली तर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि तो साधा ड्रायव्हर झेलेलच असं नाही. पण नेहमीच्या खालीवर होण्यासाठी १०० ते ३०० व्होल्ट चालणारा, निदान २.५ केव्ही (किलोव्होल्ट) सर्ज, म्हणजे क्षणभराचा दाबाचा झटका झेलणारा ड्रायव्हर मागा.

आणि कुलर. त्याच्या तोंडाशी लोखंडी वॉल लाइट लावला तर दोन मोसमांत गंज धरतो. तिथे पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम बरं. पाणी आणि धूळ किती रोखतो ते आयपी आकड्यावरून कळतं: बाथरूमला आयपी ४४, गच्ची आणि फाटकाला आयपी ६५.

४. देखणेपण

झुंबराचा आकार ठरवायची सोपी रीत: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, तेवढे इंच व्यास. १२ बाय १४ च्या हॉलला २६ इंचांचं झुंबर शोभतं. त्याच्या खाली ७ फूट मोकळे हवेत. जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ३० ते ३६ इंच वर.

सोनेरी मुलामा दिलेले दिवे दुकानात झगमगतात आणि काही वर्षांत काळवंडतात. आम्ही खरं पितळ घेऊ. वर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर नसेल तर शेड खाली उतरवून चिंच-मिठाने घासली की पुन्हा उजळते. बांबूची विणलेली शेड तर आपल्या विदर्भाच्या घराला फारच शोभते. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू आपल्या हाताशी आहे, बुरूड कारागीर टोपलीच्या विणीची शेड मापाने करून देतात. फक्त बांबू बोरिक-बोरॅक्समध्ये भिजवलेला आहे ना ते विचारा, नाहीतर भुंगा लागतो. आत ७ ते ९ वॅटचा एलईडीच लावा. तिची भिंतीवर पडणारी सावली बघत आम्ही कितीतरी संध्याकाळी दिव्याखाली नुसते बसलोय.

वर तोंड करून बसवलेले काचेचे वाडगे टाळा. जुलैत ते मेलेल्या पाखरांनी भरतात.

५. दुकानात

नागपुरात इतवारीला जा की बर्डीला, दिवा लावून दाखवायला सांगा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण करा. पडद्यावर उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बल्बवर आयएस १६१०२, ड्रायव्हरवर आयएस १५८८५ असतं. एकाच रांगेत लागणारे दिवे एकदमच घ्या आणि वर दोन जास्तीचे. बिलाचा लगेच फोटो काढा, थर्मल कागदावरची छपाई वॉरंटी संपायच्या आधी उडते.

६. बसवताना

छतातला दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर खोलीभर सावल्या फडफडतात. पंख्याच्या दांड्यापासून निदान साडेतीन फूट सोडा. झुंबराचं वजन फॉल सिलिंगवर नको, स्लॅबमध्ये स्वतंत्र हूक मारून घ्या. धातूच्या दिव्याला अर्थिंगची तिसरी वायर जोडलीच पाहिजे. वायरमन "चालते" म्हणाला तरी आग्रह धरा. फॉल सिलिंगचं भोक नेहमीच्या मापाचं, ३ किंवा ४ इंचांचं ठेवा, म्हणजे पुढे दुसऱ्या कंपनीचा दिवाही त्यात बसेल.

काम संपलं की भोकाचं माप, ड्रायव्हरचे व्होल्ट आणि मिलीअँपिअर, बल्बचे के आणि वॅट एका कागदावर लिहा, आणि तो कागद डीबीच्या (मेन स्विचच्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवा. पुढच्या वायरमनला शिडीवर चढण्याआधीच कळेल की काय आणायचं.