रामवाडीहून मेट्रोने: गर्दीच्या वेळचा प्रवास कसा आखावा

6 मार्च 2024 रोजी पुणे मेट्रोचा रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा सुरू झाला आणि नगर रोडवरच्या रहिवाशांना सिग्नलवर न अडता शहरात शिरण्याची वाट मिळाली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला पिंपरीकडून येणारा दुसरा, भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. खराडी आणि वाघोलीत मात्र सोसायट्या वाढतच राहिल्या, मेट्रो रामवाडीलाच थांबली आणि गाडी राहिली तीनच डब्यांची. त्यामुळे पूर्वेकडची सारी गर्दी सकाळी या एकाच स्थानकात जमा होते. तिचा त्रास पूर्णपणे टळणार नाही, पण बराच कमी करता येतो, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगतो.

पहिले काम घरीच करावे. एक आठवडा आपण फलाटावर कधी पोहोचलो आणि उभे राहायला नीट जागा मिळाली की नाही, एवढेच वहीत टिपावे. घरातून पंधरा-वीस मिनिटे आधी निघाल्याने किती फरक पडतो, ते या नोंदींवरून स्वतःलाच कळते, आणि कार्यालयात वेळ बदलून मागायची असेल तर त्या दाखवताही येतात. तिकीट रिक्षात किंवा पीएमपीच्या शहर बसमध्ये बसल्या बसल्याच मोबाइलवर काढावे, म्हणजे खिडकीवरची रांग वाचते.

रामवाडी हे शेवटचे स्थानक असल्याने तेथे गाडी रिकामी होते. म्हणून समोर उभी असलेली गाडी भरली असेल, तर दारात कोंबून घेण्यापेक्षा ती सोडून पुढच्या गाडीसाठी रांगेत पुढे उभे राहावे. आतले प्रवासी उतरेपर्यंत दाराच्या बाजूला थांबावे, पाठीवरची सॅक पुढे घ्यावी आणि लांब जायचे असल्यास दाराशी न रेंगाळता डब्याच्या मध्यभागी सरकावे. दाराशी दाटी आणि मधे मोकळी जागा, हे चित्र मी जवळजवळ रोज पाहतो आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या मोकळ्या जागेत फलाटावर मागे राहिलेली चार-पाच माणसे सहज मावली असती.

खरी कसोटी जिल्हा न्यायालय स्थानकात लागते. वनाझ-रामवाडी मार्ग येथे उन्नत आहे, तर पिंपरी-स्वारगेट मार्गाचा फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटर खोल आहे. त्यामुळे गाडी बदलणाऱ्याला एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात आणि गाडी आली की सगळा लोंढा पहिल्याच जिन्याकडे वळतो. पहिल्या दिवशी आपल्या डब्याचे कोणते दार त्या जिन्याजवळ उघडते हे पाहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी रामवाडीत त्याच दाराने चढावे. सोबत वयस्कर माणूस, लहान मूल किंवा जड सामान असेल, तर मात्र हा नियम उलटा करावा: लांबच्या दाराने उतरावे, दोन मिनिटे थांबून लोंढा जाऊ द्यावा आणि लिफ्ट वापरावी. एकदा एक आजी जिन्याच्या तोंडाशी पाऊल टाकावे की नाही या विचारात थांबल्या आणि मागून रेटा आला. एका तरुणाने दोन्ही हात पसरून गर्दी अडवली आणि तो म्हणाला, "थांबा, आजींना पाऊल टाकू द्या." त्यांनी कठडा घट्ट धरला, पाऊल ठेवले आणि मगच त्याने हात खाली घेतले. अशा वेळी पुढच्याला ढकलण्यापेक्षा मागच्याला थोपवणे जास्त गरजेचे असते.

परतताना गाडी वनाझकडून भरूनच येते. जिल्हा न्यायालयात जागा मिळाली नाही तरी पुणे रेल्वे स्थानकाला बरेच जण उतरतात, असा माझा अनुभव आहे. तोवर आतल्या बाजूला उभे राहणे सोयीचे पडते.

रामवाडी ते वाघोली या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये मंजुरी दिली आहे, पण तो धावू लागेपर्यंत वाढीव फेऱ्या आणि स्थानकाला जोडणाऱ्या पीएमपीच्या बस यांची मागणी आपल्यालाच लावून धरावी लागेल. "फार गर्दी असते" एवढेच लिहिलेल्या तक्रारीतून कोणाला काही ठरवता येत नाही. तारीख, वेळ, स्थानक, डबा आणि गर्दीमुळे किती गाड्या सोडाव्या लागल्या, हे लिहावे. सोसायटीतल्या दहा-बारा प्रवाशांनी महिनाभर अशा नोंदी ठेवाव्यात आणि सर्वांच्या सह्यांनिशी एकच अर्ज मेट्रोकडे द्यावा, त्याची प्रत आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींनाही द्यावी आणि अर्ज पोहोचल्याची सही-शिक्क्याची पोच जपून ठेवावी.