व्हिडिओ स्मूथ करताना आधी दहा सेकंद तपासा

सेकंदाला २४ किंवा ३० फ्रेमचा (म्हणजे स्थिर चित्रांचा) व्हिडिओ ६० फ्रेमचा करायचा असेल, तर अख्खी फाईल लगेच प्रोसेसिंगला लावू नका. फ्लोफ्रेम्स किंवा एफएफएमपेगसारखं सॉफ्टवेअर दोन फ्रेममधली हालचाल ओळखून मधली फ्रेम अंदाजाने तयार करतं, आणि हा अंदाज चुकतो तो भराभर हलणाऱ्या गोष्टींवर. म्हणून सगळ्यात जास्त धावपळ असलेला दहा सेकंदांचा तुकडा कापून त्यावर आधी प्रयोग करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा: हलणाऱ्या हाताची बोटं विरघळल्यासारखी दिसतात का, चाकाच्या आऱ्या वाकतात का?

शक्यतो दुप्पटच करा, २४ चे ४८, ३० चे ६०. मूळची प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी राहते. २४ चे थेट ६० केले तर निम्म्याहून जास्त फ्रेम बनावट असतात.

सीन बदल ओळखण्याचा पर्याय चालू ठेवाच, नाहीतर कटच्या जागी दोन दृश्यांची खिचडी होते. मोबाईलवरच्या चित्रणात फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बरेचदा कमीजास्त होत असतो; तो आधी स्थिर करून घ्या, म्हणजे आवाज मागेपुढे होणार नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवा.