जपानी भयपटांचे पुढचे भाग कोणत्या क्रमाने पाहावेत

जपानी भुताटकीच्या चित्रपटमालिका पाहायला बसणाऱ्याने नावापुढच्या आकड्यावर विसंबून राहू नये. ‘रिंगू’ आणि ‘जु-ऑन’ या दोन्ही मालिकांत मूळ गोष्टीला इतके फाटे फुटले आहेत की एका फाट्यावर मृत ठरलेले पात्र दुसऱ्या फाट्यावर जिवंत असते. त्यामुळे आधी फाटा निवडावा आणि मगच क्रम ठरवावा.

सुरुवात मात्र हिदेओ नाकाता यांच्या १९९८ मधील ‘रिंगू’नेच करावी, त्याला पर्याय नाही. शापित व्हिडिओ कॅसेट पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी मृत्यू येतो, एवढी साधी अट या चित्रपटात आहे. ती अट नेमकी कशी टळते, हे अगदी शेवटी कळते. हा शेवट नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचा प्रत्येक दिग्दर्शक या अटीशी काय करतो, ती पाळतो की बदलतो की गुंडाळून ठेवतो, यावरच त्या भागाचे खरे मोल ठरते.

येथे पहिला गोंधळ होतो. ३१ जानेवारी १९९८ रोजी जपानमध्ये ‘रिंगू’च्या जोडीने त्याचा पुढचा भागही प्रदर्शित झाला होता. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीवर ‘रिंगू’ बेतला होता आणि तिच्या १९९५ च्या पुढच्या भागावर जोजी ईदा यांनी ‘रासेन’ काढला. ‘रिंगू’ तुफान चालला, ‘रासेन’कडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली. मग १९९९ मध्ये नाकाता आणि पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांनी ‘रासेन’ जणू निघालाच नव्हता असे धरून ‘रिंगू २’ हा नवाच पुढचा भाग रचला. म्हणजे एकाच चित्रपटाला दोन उत्तरार्ध आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

या दोहोंपैकी ‘रिंगू २’ आधी पाहावा. त्यातला वैज्ञानिक प्रयोगाचा भाग रेंगाळतो, पण शापाच्या मुळाशी असलेल्या, विहिरीत टाकल्या गेलेल्या सादाको या तरुणीच्या कवटीवर माती चढवून तिचा चेहरा घडवण्याचा प्रसंग एकट्यानेच तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. पहिल्या भागात केसांआड लपलेला, प्रेक्षकाने मनातच रंगवलेला चेहरा येथे एका तज्ज्ञाच्या टेबलावर, शांतपणे, थराथराने आकाराला येतो. कोणी किंचाळत नाही, तरी अंगावर काटा येतो. ती विहिरीत सुमारे तीस वर्षे जिवंत होती, हा तपासातून निघणारा निष्कर्ष तर कोणत्याही भुतापेक्षा भयंकर आहे. ‘रासेन’ थोड्या दिवसांच्या अंतराने पाहावा. आपल्या जुन्या मित्राचे शवविच्छेदन करावे लागलेला, पोटचा मुलगा गमावलेला डॉक्टर त्यात नायक आहे आणि शापाकडे विषाणूसारखे पाहिले आहे. कल्पना मोठी आहे. मात्र स्पष्टीकरणे वाढतात तशी भीती विरत जाते, असे माझे मत आहे.

नोरिओ त्सुरुता यांचा २००० मधील ‘रिंगू ०’ हा पूर्वकथेचा भाग आहे म्हणून तो आधी पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. नाटक कंपनीत काम करणारी तरुण, बुजरी सादाको त्यात भेटते. तिचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळेच तिची कीव येते. ते माहीत नसेल तर चित्रपटाचा अर्धा जीव निघून जातो.

‘जु-ऑन’ची रीत वेगळी आहे. ताकाशी शिमिझू यांच्या या मालिकेत शाप घराला चिकटलेला आहे, आणि त्या घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर तो बसतो. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचे नाव असते आणि प्रकरणे काळाच्या क्रमाने येत नाहीत. ती मनात सरळ लावण्याच्या खटाटोपात पहिल्या वेळी पडू नये. कोण घरात कधी शिरले एवढेच ध्यानात ठेवावे. २००० मध्ये थेट व्हिडिओवर आलेले दोन भाग आधी पाहावेत. त्यांपैकी दुसऱ्याच्या सुरुवातीचा मोठा तुकडा पहिल्यातूनच उचललेला आहे, तेव्हा तो पुढे सरकवला तरी काही बिघडत नाही. त्यानंतर २००२ चा चित्रपट आणि २००३ चा त्याचा पुढचा भाग घ्यावा. शेवटच्या भागात दूरचित्रवाणीचा चमू चित्रीकरणासाठी त्याच घरात जातो. हे चित्रपट मूळ जपानी आवाजात, उपशीर्षकांसह आणि शक्यतो हेडफोन लावून पाहावेत. त्या घरातल्या कायाको या भुताच्या घशातली घरघर खोलीच्या शांततेवर उमटते, आणि डबिंगमध्ये नेमकी ती शांतताच आधी जाते.

शोधताना वर्ष आणि दिग्दर्शक तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नये. २००५ चा अमेरिकन ‘द रिंग टू’ नाकाता यांनीच दिग्दर्शित केला असला, तरी त्याचा जपानी ‘रिंगू २’शी कथेपुरताही संबंध नाही. ‘जु-ऑन’ इंग्रजीत ‘द ग्रज’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे ‘द ग्रज २’ या नावाखाली २००३ चा जपानी आणि २००६ चा अमेरिकन, असे दोन्ही चित्रपट सापडतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही शिमिझू यांचेच आहेत. ‘रासेन’ इंग्रजीत ‘स्पायरल’ नावाने शोधला तर भलतेच चित्रपट पुढ्यात येतात.

२०१२ आणि २०१३ मधले सादाकोचे थ्रीडी भाग वगळले तरी चालतील. त्यांत कॅसेटची जागा इंटरनेटवरच्या चित्रफितीने घेतली आहे, पण अटीतली मूळ धार राहिलेली नाही. कोजी शिराइशी यांचा २०१६ चा ‘सादाको विरुद्ध कायाको’ दोन्ही मालिकांचे मुख्य चित्रपट झाल्यावरच लावावा. एका शापातून सुटण्यासाठी दुसरा ओढवून घ्यायचा, ही त्यातली युक्ती दोन्ही शापांचे नियम माहीत असणाऱ्यालाच रंजक वाटेल. नाकाता २०१९ मध्ये ‘सादाको’ घेऊन परतले. तो त्यांच्या पहिल्या दोन चित्रपटांनंतर केव्हाही पाहता येतो. नेटफ्लिक्सवरची २०२० ची सहा भागांची ‘जु-ऑन : ओरिजिन्स’ स्वतंत्र आहे. तिच्यातली हिंसा मात्र चित्रपटांपेक्षा कितीतरी उघडी आणि क्रूर असल्यामुळे ती घरातल्या मुलांसमोर लावू नये.