गिऱ्हाईक आलं की पेटणारा दिवा: घरी बनवताना या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप, माझं टेबल दाराकडं पाठ करून, कानात हेडफोन, वर लेथचा आवाज, त्यामुळं गिऱ्हाईक मागं येऊन उभारलं तरी मला पत्ता नसायचा. म्हणून जुना वेबकॅम, रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आणि एक एलईडी घेऊन जुगाड केला, दारात माणूस आला की टेबलावर दिवा लागणार. कोड एका संध्याकाळीच झाला, पण नीट चालायला महिना गेला.

चित्रातला माणूस ओळखायला तयार मॉडेल वापरायचं, ते प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक नंबर देतं, तो क्लास नंबर. सगळ्यात येडी चूक त्याचीच. मोबाईलनेट एसएसडी नावाच्या मॉडेलच्या जुन्या कोडात माणसाचा नंबर १५ असतो, मी ती ओळ तशीच उचलून योलो नावाच्या दुसऱ्या मॉडेलच्या कोडात चिकटवली. योलोचं नेहमीचं मॉडेल कोको नावाच्या फोटोंच्या साठ्यावर (डेटासेट) शिकलेलं, त्यात ८० प्रकार, मोजणी शून्यापासून, माणूस ० आणि १५ म्हणजे मांजर! आण्णा तीनदा आत-बाहेर करून गेले तरी दिवा ढिम्म, आणि दुपारी डब्याच्या वासानं मांजर आलं तसा लगेच पेटला. मॉडेल बदललं की आधी नावांची यादी प्रिंट करून बघा.

मग रेनकोट. जुलैत दाराजवळच्या खुंटीवर ओला रेनकोट लटकलेला, पंख्यानं बाही हलली की मॉडेल म्हणणार माणूस आला. मी कॉन्फिडन्स, म्हणजे मॉडेलला किती खात्री असली की माणूस धरायचा तो आकडा, ०.८ केला तर रेनकोट गेला पण छत्रीवाली माणसंबी गेली, म्हणजे तो आकडा वर-खाली करून काय हे सुटत नाही. परत ०.५ वर आणला आणि फ्रेममधला (कॅमेऱ्याच्या एकेका चित्रातला) तेवढा कोपरा काळा करून टाकला, खरं तर खुंटीच दुसऱ्या भिंतीला ठोकली असती तर काम झालं असतं.

कॅमेरा थेट दाराकडं तोंड करून ठेवू नका, बाहेरच्या उजेडानं माणूस नुसता काळा ठिपका दिसतो. बाजूच्या भिंतीवरून तिरका लावा.

एका फ्रेमवर भरवसा नको, पाचपैकी चार फ्रेममध्ये दिसला तरच माणूस धरा. आणि अलर्ट फक्त 'कोण नाही'चं 'कोणतरी आहे' झालं तेव्हाच द्या, नाहीतर गिऱ्हाईक चहा पीत बसलंय आणि दिव्यासोबत जोडलेला बझर (छोटा भोंगा) आपला कोकलतोय.

दिवा उशिरा लागत असेल तर दरवेळी मॉडेलला शिव्या घालू नका. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, रास्पबेरी पायवर एकेक तपासायला वेळ लागतो, जुन्या फ्रेम बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात आणि तुम्ही मगाचं चित्र बघत बसता. कॅमेऱ्यातून फ्रेम वाचायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (कोडच्या समांतर चालणाऱ्या भागात) टाका, फक्त ताजी फ्रेम ठेवा. मॉडेलला द्यायच्या चित्राची बाजू (इनपुट) ६४० पिक्सेलवरून ३२० केली की पिक्सेल चौथाई होतात, लांबची बारकी माणसं सुटतात पण दार आठ फुटांवर असेल तर काय फरक पडत नाही.

साध्या मोबाईल चार्जरवर चालवू नका, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या, माझा कॅमेरा मधीच गायब व्हायचा तो यानंच. बझरबी थेट रास्पबेरी पायच्या पिनला जोडायचा नाही, ३.३ व्होल्टची पिन, थोडेच मिलिअँपिअर झेपतात, मधी ट्रान्झिस्टर टाका. माझी एक पिन गेली, आता बझर शेजारच्या पिनवर आहे.